वाहून गेलेल्या मातीच्या मागावर

मी कोल्हापुरात स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये भूगोल शिकवते. म्हणजे अख्खं जगच शिकवते, पण चार पर्यायांत. मंगोलियाची राजधानी, जगातलं सर्वांत खोल सरोवर, कर्कवृत्त भारतातल्या कोणकोणत्या राज्यांतून जातं, हे झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगते, आणि आमच्या घरात खरोखरच झोपेतून उठवून विचारतात. लग्नकार्यात ओळख करून देताना जाऊबाई म्हणतात, "हिला कुठल्याबी देशाची राजधानी इचारा." मग पाहुणे विचारतात. उत्तर बरोबर की चूक हे त्यांनाही माहीत नसतं, पण मान मात्र जोरात डोलावतात.

एवढं जग डोक्यात घेऊन फिरणाऱ्या मी स्वतः पाहिलेलं जग म्हणजे उत्तरेला पुणं, पश्चिमेला गणपतीपुळे, दक्षिणेला गोकर्ण आणि पूर्वेला सोलापूर. सोलापूरही एका बारशापुरतंच. पण परीक्षेत "आपण हे ठिकाण पाहिले आहे काय?" असा प्रश्न येत नाही, त्यामुळे माझं कधी अडलं नव्हतं. अडवलं ते आबांनी.

आबा माझे सासरे. आमचं गाव शिरोळ तालुक्यात, पंचगंगेच्या काठावर. थोडं पुढं गेलं की ती कृष्णेला मिळते. नदीला लागून आबांची मळी, म्हणजे दरवर्षी पुराच्या गाळानं पोसलेलं काळंभोर रान. आबांच्या मते असं रान जगात दुसरीकडं कुठंही नाही. जग पाहिल्याशिवाय हे ठामपणे सांगता येणं ही आमच्या जिल्ह्याची खासियत आहे. मागच्या दोन महापुरांपैकी दुसऱ्यानं मात्र या मळीवरची माती खरवडून नेली आणि खाली गोटे ठेवले. घरात पाणी माडीला टेकलं. त्यानंतर विलासरावांनी (हे माझे यजमान, राव लावलं की चिडतात, म्हणून लावते) कोल्हापुरात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, त्यात आबांसाठी खिडकीची खोली ठेवली, आणि "आबा, कायमचं चला" असं म्हणायला सुरुवात केली. आबांचं उत्तर ठरलेलं.

"नदीनं नेलंय. नदीच आणून दील."

दर पावसाळ्यानंतर ते मळीवर जाऊन माती आली का बघायचे. आली नाही की नदीला दोन शिव्या हासडून परत यायचे. तेवढ्यात पुन्हा पावसाळा यायचा.

एका रविवारी त्यांनी मला विचारलं, "सूनबाई, तू ह्येच शिकवतीस नव्हं? मग माझी माती कुठं गेली सांग."

सवयीनं मी धडाधड म्हणून टाकलं, "बंगालच्या उपसागराकडं, आबा. कृष्णेच्या त्रिभुज प्रदेशात साठते. नदीच्या मुखाशी गाळाच्या संचयनानं जो त्रिकोणी भूप्रदेश—"

"कुणाच्या?"

"म्हणजे?"

"साठती म्हंतीस की. मग कुणाच्या रानात साठती? मालक कोण त्येचा?"

हा प्रश्न आजवरच्या एकाही प्रश्नसंचात नव्हता. पण विलासरावांना त्यात संधी दिसली. ते मला स्वयंपाकघरात घेऊन गेले. "एकदा नेऊन दाखवू त्यांना. माती समुद्रात गेली, परत यायची नाही, हे डोळ्यानं बघितलं की डोक्यातनं जाईल. मग फ्लॅटवर येतील गपगुमान." अशा रीतीनं, एका म्हाताऱ्याला घराबाहेर काढण्याच्या उदात्त हेतूनं, उसाला तोड मिळाल्यावर संक्रांतीच्या तोंडावर आमची अभ्याससहल आंध्राला निघाली.

विजापूर ते रायचूर

आबांच्या सामानात भडंगाचं पोतं म्हणावं इतकी मोठी पिशवी, भाकऱ्यांची चवड, खरड्याची बरणी आणि एक गाठ मारलेली लहान कापडी पिशवी होती. ती पिशवी ते मांडीवर घेऊन बसले. मिरज ओलांडल्यावर मी विचारलं, तर म्हणाले, "मळीतली माती हाय. कोपऱ्यात जरा उरलीया, त्यातली. वळखायला नको?" पोलीस ओळख परेडला साक्षीदार नेतात, तसे आम्ही मातीच्या ओळख परेडला नमुना घेऊन चाललो होतो.

सीमाभागातले असल्यानं आबांना मोडकी कानडी येते. "पुढं तेलुगूबी असंच असतंय, जरा येडंवाकडं," असं ते विलासरावांना समजावत होते. विजापूरच्या अलीकडं चहाच्या टपरीवर त्यांनी कानडीत चांगलं ऐसपैस विचारलं: पाऊसपाणी, ज्वारी, रस्ता. टपरीवाल्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाबूजी, हम राजस्थान के हैं." आबांनी चहा संपवला. गाडीत बसल्यावर म्हणाले, "आमच्या पोरांना चा करायला बी येत न्हाय. राजस्थानातनं आणायला लागतोय."

जेवायला कडक ज्वारीची भाकरी मिळाली, पापडासारखी पातळ, वाजणारी. सोबत एण्णेगायी, म्हणजे आपली भरली वांगी, शेंगदाण्याच्या कुटात बुडालेली. मला अतिशय आवडली. आबांनी भाकरी कानाशी धरून मोडली, आवाज ऐकला आणि "ही भाकरी न्हवं, कौल हाय," असा निकाल देऊन चार खाल्ल्या.

संध्याकाळी रायचूरच्या अलीकडं कृष्णेचा पूल लागला. मी रीतसर सांगितलं: "आबा, कृष्णा आणि तुंगभद्रा या दोन नद्यांमधला हा प्रदेश, रायचूरचा दोआब." आबांनी गाडी थांबवायला लावली. खाली रुंद पात्रभर काळे खडक पसरले होते, आणि त्यांच्यामधून पाण्याची एक धार, वाट चुकल्यासारखी चालली होती.

"हीच व्हय ती?"

"हीच."

"आमच्या घरात शिरली तवा केवढी हुती! हितं बघ, अंग चोरून चाललीया." ते कठड्यावरून वाकून बघत राहिले. "नवऱ्याच्या घरी तोरा आणि पावण्यात गरीब. अशा बायका असत्यात."

माझ्याकडं बघून त्यांनी विषय बदलला.

विजयवाडा

जगाच्या पाठीवर कुठंही जा, विट्याकडचा गलाईवाला भेटतो. सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून देणारी ही आमच्या शेजारच्या जिल्ह्यातली माणसं गावोगावच्या सराफ पेठांत भट्टी लावून बसलेली असतात. विजयवाड्यातले तानाजीराव विलासरावांच्या मित्राचे चुलते. आडगल्लीतल्या जुन्या इमारतीत खाली भट्टी, वर घर. वीस-पंचवीस वर्षं तिथं राहून ते तेलुगू पाण्यासारखी बोलतात आणि मराठी गाव सोडलं त्या दिवसासारखी.

आम्ही कशाला आलोय ते ऐकून ते हसले नाहीत, याबद्दल मला त्यांचा आदर वाटला. नुसतं म्हणाले, "आमी हितं सोनं गाळतो. झाडून काढलेल्या धुळीतनंबी सोनं निघतंय. मातीचा माग काढायचा म्हंजी काय वेगळं न्हाय." दुसऱ्या दिवशी दुभाष्या म्हणून ते आमच्याबरोबर यायला तयार झाले. त्याआधी मात्र जेवण.

इथं आमच्या जिल्ह्याचा एक राष्ट्रीय गैरसमज सांगायला हवा. तिखट ही कोल्हापूरची खासगी मालमत्ता आहे, बाकी देश गोडावर जगतो, असं आम्ही मानतो. तानाजीरावांच्या मंडळींनी केळीच्या पानावर भात, पप्पू म्हणजे घट्ट वरण, अंबाडीची चटणी (तिला तिथं गोंगुरा म्हणतात आणि फार मान देतात) आणि कैरीचं लाल लोणचं वाढलं. "आबा, लोणचं जरा बेतानं," असं त्या म्हणाल्या आणि नेमकं तेच म्हणायला नको होतं. आबांनी लोणच्याची अख्खी फोड भाताशिवाय तोंडात टाकली.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग त्यांच्या कानांचा रंग बदलला. मग उचकी सुरू झाली, आणि ती अशी की दर उचकीला पानावरचं वरण हलावं. विलासराव पाणी घेऊन धावले, तानाजीरावांनी दह्याची वाटी पुढं केली. आबांनी दोन्ही नाकारलं. डोळ्यांतून पाणी गळत असताना ते म्हणाले, "बरं हाय. उच्. जरा मीठ. उच्. कमी पडलंय."

मग मी न विचारता सांगितलं की जवळचं गुंटूर मिरचीच्या बाजारपेठेसाठी देशभर प्रसिद्ध आहे. आबांनी माझ्याकडं जे पाहिलं, त्यावरून कळलं की माहिती वेळेवर द्यायची असते.

दिवीसीमा

विजयवाड्याच्या खाली कृष्णा फुटते आणि तिच्या दोन फाट्यांच्या मधे समुद्रापर्यंत पसरलेला सपाट मुलूख म्हणजे दिवीसीमा. मी त्रिभुज प्रदेशाची आकृती फळ्यावर इतक्या वेळा काढलीय की प्रत्यक्षात तिथं त्रिकोण शोधत होते. त्रिकोण कुठंच दिसला नाही. दिसले ते कालवे, त्यांच्या कडेनं ताडाची झाडं, कापून नेलेल्या भाताच्या खुंटांत उगवलेला हिरवा उडीद, आणि कोळंबीची तळी. जमीन इतकी सपाट की आमच्याकडं जोतिबाचा डोंगर बघून मोठी झालेली नजर टेकायला जागाच शोधत राहते. संक्रांत असल्यानं प्रत्येक दारात अंगण भरून रांगोळी, मधे शेणाचे गोळे आणि त्यांत खोचलेली भोपळ्याची पिवळी फुलं.

आम्हाला जायचं होतं हंसलादीवीला, जिथं कृष्णा समुद्राला मिळते. तानाजीराव म्हणत होते, मोठ्या रस्त्यानं चला. विलासरावांच्या फोनमधली बाई म्हणत होती, डावीकडं वळा. विलासराव आयुष्यात माझं ऐकत नाहीत, वडिलांचं ऐकत नाहीत, पण त्या बाईच्या शब्दाबाहेर नाहीत. डावीकडं वळलो. रस्त्याची पायवाट झाली, पायवाटेचा कालव्याचा बांध झाला, आणि बांध संपला तिथं आमची गाडी शेजारच्या तळ्याच्या झिरपणीनं झालेल्या चिखलात चाकं बुडेपर्यंत रुतली. "आपण आपल्या ठिकाणी पोहोचला आहात," असं ती बाई म्हणाली.

विलासराव पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ढकलायला उतरले आणि पिंढरीपर्यंत आत गेले. आबाही उतरले. पण ते ढकलायला नाही. त्यांनी वाकून चिखलाची मूठ उचलली, पिळली, बोटांत चोळली, आणि कुणीतरी हरवलेलं माणूस दिसावं तसा त्यांचा चेहरा झाला.

"विलास! आमचीच हाय रं!"

"आबा, आधी गाडी—"

"अरं, गाडी गेली खड्ड्यात!" हे शब्दशः खरं होतं.

तेवढ्यात बांधावरून एक ट्रॅक्टर आला. चालवणारे साधारण आबांच्याच वयाचे, पांढरी लुंगी, खांद्यावर टॉवेल, वरच्या खिशात चष्मा. त्यांचं नाव सुब्बाराव, आणि आम्ही रुतलो होतो ती जमीन त्यांची. आबा चिखलाची मूठ तशीच धरून त्यांच्यापुढं जाऊन उभे राहिले.

"तानाजीराव, ह्येला सांगा, ही माती माझी हाय. माझ्या बापानं शेणखत घालून घालून केल्याली."

तानाजीरावांची नजर ट्रॅक्टरवर होती. त्यांनी हात जोडून तेलुगूत बरंच गोड काहीतरी सांगितलं. सुब्बारावांनी हसून नमस्कार केला.

"हसालाय कशाला? कबूल हाय व्हय त्येला?"

"मोठी माणसं दिसताय म्हणालेत," तानाजीराव म्हणाले.

आबांना भाषांतरात गळती आहे हे लगेच कळलं. त्यांनी कनवटीची कापडी पिशवी काढली, गाठ सोडली, तळहातावर घरची माती ओतली, दुसऱ्या हातातला चिखल शेजारी धरला आणि ओरडले, "माती! माती! माझी!"

"मट्टी?" सुब्बाराव म्हणाले. तेलुगूतही मातीला मट्टीच म्हणतात. आता तानाजीरावांची गरज उरली नाही, हे आमचं दुर्दैव. सुब्बारावांचं हसू गेलं. त्यांनी चिखलाकडं बोट दाखवलं, मग स्वतःच्या छातीवर ठेवलं. "ना मट्टी!"

"ना म्हणालाय! तोंडावर ना म्हणालाय!"

"आबा, तसं न्हवं," तानाजीराव घाईनं मधे पडले. "तेलुगूत ना म्हंजी माझी."

"म्हंजी माझी माती म्हणालाय? ह्ये तर त्याहून वंगाळ!"

चिखलातून विलासराव क्षीण आवाजात म्हणाले, "आबा, ट्रॅक्टर लागणार आहे आपल्याला."

मला वाटलं, आता आपण इथंच राहतोय. पण सुब्बाराव आबांच्या तळहाताकडं बघत होते. त्यांनी खिशातला चष्मा काढून लावला, घरच्या मातीतली चिमूट उचलली, बोटांत चोळली, नाकाशी नेली. मग तानाजीरावांना काहीतरी विचारलं, आणि या वेळी तानाजीरावांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

"म्हणत्यात, माती झकास हाय. कुठली हाय इचारत्यात."

आबांचा आवाज एकदम खाली आला. गेल्या काही वर्षांत त्यांची समजूत काढायला पंचनाम्याची माणसं आली, पुढारी आले, आम्ही तर रोजचेच. पण माती चांगली आहे असं कुणी म्हणालं नव्हतं. "शिरोळची," ते म्हणाले. "पंचगंगाकाठची. सांगा त्यास्नी."

ट्रॅक्टरला साखळी लागली. गाडी निघाली. आणि संक्रांतीच्या दिवशी दारात आलेल्या माणसाला उपाशी कसं पाठवायचं, म्हणून आम्हाला घरी चला असं सांगण्यात आलं.

सुब्बारावांच्या घरी

ओसरीवर चटया टाकल्या होत्या. सुब्बारावांच्या पत्नीनं अरिसेलु वाढले, म्हणजे आपले अनारसेच, पण खसखशीऐवजी तिळाचे आणि तळून दाबून तेल काढलेले. मी आमचे तिळाचे लाडू दिले. त्यांनी एक चावायचा प्रयत्न केला, मग मान राखून पदराला बांधला.

इथं तानाजीरावांनी सगळी हकीकत पहिल्यापासून नीट सांगितली: पूर, मळी, गोटे, दर वर्षीची वाट बघणं. सुब्बाराव ऐकत होते. संपल्यावर ते जे बोलले, ते तानाजीरावांनी थांबत थांबत मराठीत आणलं. त्यांच्या आजोबांच्या काळी पुराचं तांबडं पाणी यायचं आणि रानावर बोटभर गाळ ठेवून जायचं. आता कालव्याला पाणी येतं, पण नितळ. गाळ येत नाही. पोत्यानं खत घालावं लागतं. त्यात समुद्र आत सरकतोय. पलीकडची दोन शेतं खारी होऊन गेली, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. "तुमची माती आमच्याकडं आली असती," तानाजीराव म्हणाले, "तर तुमचे पाय धुतले असते म्हणत्यात. पण न्हाय आली."

अशा वेळी माझ्यातली शिक्षिका गप्प बसू शकत नाही.

"बरोबर आहे," मी म्हणाले. "गाळ धरणांच्या जलाशयात बसतो. वरून खाली क्रमानं आलमट्टी, नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर."

आबांनी सावकाश माझ्याकडं मान वळवली. "तुला ह्ये ठाव हुतं?"

"म्हणजे, हो."

"मग घरातनं निघायच्या आधी का न्हाय सांगितलंस?"

"तुम्ही त्रिभुज प्रदेशाचं विचारलं होतं, आबा. धरणांचा क्रम हा वेगळा प्रश्न आहे."

विलासरावांनी कपाळाला हात लावला. हाताला चिखल होता, तो कपाळाला लागला. आबा मात्र रागावले नाहीत. ते बोटांनी चटईवर काहीतरी मोजत होते. हे टोक, ते टोक, मधलं अंतर.

"म्हंजी माझ्याकडनं गेली," ते म्हणाले, "आणि ह्येंच्याकडं पोचली न्हाय. मग मधी खाल्ली कुणी?"

तानाजीरावांनी हे तेलुगूत सांगितलं आणि सुब्बारावांनी मांडीवर थाप मारली. मग ते भडाभडा बोलले. त्यांच्या गावचा रस्ता दिल्लीतून निघताना डांबरी होता, राज्याच्या राजधानीत खडीचा झाला, जिल्ह्याला मुरमाचा, आणि गावात पोचला तो हा, ज्यात तुमची गाडी रुतली. तुफानात पडलेल्या घरांची मदतही तशीच आली, वाटेत गाळ टाकत टाकत. आबांनी लगेच आमच्या पूररेषेचं, पंचनाम्याचं आणि नावं उलटीसुलटी झालेल्या यादीचं सांगितलं. तासाभरापूर्वी एकमेकांना चोर म्हणणारी दोन माणसं आता एकाच दरोड्यातले फिर्यादी म्हणून मांडीला मांडी लावून बसली. दोघांचं बोलणं एकदम चाललं होतं आणि तानाजीराव एकाचं संपेपर्यंत दुसऱ्याचं विसरत होते. भारताची एकात्मता मी अनेक वर्षं शिकवते. ती मी पहिल्यांदा पाहिली, आणि ती तक्रारीवर उभी होती.

मग आबांनी विचारलं, "समिंदर रान खाऊ लागलाय, तर ह्ये जाईनात का हितनं?"

विलासराव ताठ बसले. यासाठीच तर ते एवढी गाडी हाकत आले होते.

सुब्बाराव म्हणाले, मुलगा हैदराबादेत असतो, त्याचा फ्लॅट आहे. तुफानाचा इशारा आला की आम्ही दोघं तिकडं जातो. उतरलं की परत येतो.

"परत येता?" विलासराव.

"शेत इथं आहे," सुब्बारावांनी साधेपणानं सांगितलं.

"आणि जाताना लाज वाटत न्हाय?" आबांनी विचारलं. "गाव म्हंतंय की, पळाला."

त्यावर उत्तर सुब्बारावांच्या पत्नीनं आतून दिलं, आणि तानाजीराव हसत म्हणाले, "त्या म्हणत्यात, पहिल्यांदा ह्येबी असंच म्हणून बसले. रातभर नारळाच्या झाडाला मिठी मारून होते. तवाधरनं लाज गेली."

आबा खूप हसले. हसता हसता त्यांनी एक अरिसेलु तोंडात घातला आणि सुब्बारावांकडं बघत सावकाश चावला. गेली काही वर्षं आम्ही त्यांना "कायमचं चला" म्हणत होतो. जाऊन परत येता येतं, असं त्यांना आमच्यापैकी कुणीच सांगितलं नव्हतं.

निघताना ते सुब्बारावांच्या खाऱ्या पडलेल्या शेतात गेले आणि पिशवीतली सगळी माती तिथं ओतून पायानं सारखी केली. "विरजान लावलंय," ते म्हणाले. "लागतंय का बघा." याचं भाषांतर तानाजीरावांना जमेना. त्यांनी दूध आणि दह्याची खूण केली. सुब्बारावांनी गंभीरपणे मान हलवली आणि बदल्यात लोणच्याची बरणी दिली. आबांनी ती दोन्ही हातांनी घेतली, पण अंगापासून जरा लांब धरली.

संगम

हंसलादीवीला समुद्र खूप शांत होता. एका बाजूनं कृष्णा आली, मातकट, संथ. समोरून समुद्राचं हिरवट पाणी. मधे रेषही नव्हती धड. काठाला खारफुटीची झुडपं, ओल्या वाळूवर लाल खेकडे. मी म्हणणार होते की कृष्णा ही महाबळेश्वरला उगम पावून, पण बघत राहिले.

आबांनी चपला काढून पाण्यात पाय घातले. "आमच्या घरातनं गेलेलं पाणी," ते एवढंच म्हणाले. मग शेजारी उभ्या असलेल्या एका कुटुंबाला त्यांनी खुणेनं सांगितलं की हे पाणी आमच्याकडून येतं, जपून वापरा.

आलमट्टी

परतीच्या वाटेवर आबा अचानक सीटवर पुढं सरकले. "सूनबाई! मट्टी म्हंजी माती. मग आल-मट्टी म्हंजी?"

"आबा, तसा अर्थ नाही."

"आली मट्टी! नावातच लिवलंय की!"

"आबा, कर्नाटकातलं गाव ते. कानडीत मातीला मण्णु म्हणतात. तुम्हाला माहितीय."

"व्हय. म्हणूनच मुद्दाम तेलुगूत ठेवलंय. आमाला कळू ने म्हणून."

त्यामुळं आम्ही आलमट्टीला गेलो. आमच्याकडं पूर आला की, खालचं पाणी हेच मागं फुगवतं म्हणून, सगळे या धरणाकडं बोट दाखवतात. त्याचा काय दोष आहे नि काय नाही यावर प्रत्येक चहाच्या टपरीवर एक तज्ज्ञ समिती बसलेली असते. आबा तिचे जुने सदस्य. आरोपीला समोरासमोर जाब विचारायचा म्हणून ते फेटा नीट बांधून उतरले.

आत बागा होत्या. कारंजी, रंगवलेले सिमेंटचे प्राणी, आइस्क्रीम खाणारी पोरं. आबा एका सिमेंटच्या जिराफाशेजारी उभे राहिले आणि जाब कुणाला विचारायचा ते शोधू लागले. पलीकडं जलाशय दिसत होता, क्षितिजापर्यंत, एक सुरकुतीही नसलेला.

"ह्येच्या तळाला हाय व्हय?"

"असेल, आबा. बरीचशी."

ते बघत राहिले. एक नवीन लग्न झालेलं जोडपं फोटो काढत होतं. त्यातला मुलगा म्हणाला, "अज्जा, जरा बाजूला." एरवी आबांनी त्याची सात पिढ्यांची विचारपूस केली असती. आज बाजूला झाले. गाडीकडं येताना विलासरावांच्या खांद्यावर हात टाकला, हे मी पहिल्यांदा बघत होते, आणि म्हणाले, "पाणी वाढलं की येतो तुज्याकडं. उतरलं की जाणार. खोलीत पंखा बसीव."

विलासराव "कायमचं" म्हणायला तोंड उघडत होते. मी त्यांचा पाय दाबला.

घरी

त्या जुलैत पाऊस लागून राहिला. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज सकाळी दुधाच्या आधी कळायला लागली. गावात होडी यायच्या आधीच आबा म्हशी पाहुण्यांच्या गोठ्यात बांधून स्वतःच्या पायानं आमचा तिसरा मजला चढून आले. खोलीत गेले, पंखा लावून बघितला, आणि गॅलरीत येऊन सुब्बारावांना फोन लावला. तानाजीराव मधे नव्हते. आबांना तेलुगूतले चारच शब्द येत होते, त्यांतला एक नीळ्ळु, म्हणजे पाणी, आणि आवाज मात्र थेट आंध्रात पोचेल असा.

"सुब्बाराव! नीळ्ळु! निघालंय बगा! लई हाय औंदा!"

पलीकडूनही तसाच आरडाओरडा आला. शेजारच्या गॅलरीतल्या बाई आत गेल्या.

फोन ठेवून त्यांनी मला विचारलं, "किती दिसांत पोचंल?"

"सांगता येत नाही, आबा. मधे धरणं आहेत. ती भरायला हवीत, दारं उघडायला हवीत."

"मग काय शिकवतीस पोरांस्नी?" म्हणत ते जेवायला आत गेले.

ऑगस्टात, पाणी उतरू लागलं होतं आणि आबांचं बोचकं बांधून दारात ठेवलं होतं, तेव्हा दुपारच्या जेवणात फोन वाजला. सुब्बारावांचा आवाज टेबलाच्या पलीकडं बसलेल्या मलाही ऐकू आला. "वच्चिंदि! वच्चिंदि!"

"आलं म्हंतोय," आबा आम्हाला म्हणाले. मग फोन कानाशी घट्ट धरून, जरा हळू आवाजात विचारलं, "मट्टी?"

पलीकडून एकच शब्द आला. "लेदु."

आबांनी फोन ठेवला. विलासराव त्यांच्याकडं बघत होते, मीही.

"न्हाय म्हंतोय," ते म्हणाले. त्यांनी ताटात आणखी एक भाकरी घेतली, सुब्बारावांच्या लोणच्याची नखाएवढी फोड तिच्यावर ठेवली आणि चावायला लागले. "असू दे. पाणी पोचलं न्हवं? म्हंजी रस्ता चालू हाय."